धावेइतकं पाणी

"तुह्या कायद्यापायी म्या धाव वाढवली बे," शेषराव बाजाराच्या कोपऱ्यावर, भर रस्त्यात, हसत हसत म्हणाले, आणि वकील भगवंतरावांच्या हातातला विडा तोंडाशी जाता जाता थांबला. थोरला भाऊ देऊळघाटहून सकाळच्या गारव्यात गाडी जुंपून बुलढाण्याला येतो, धाकट्याला कचेरीच्या वाटेवर गाठतो आणि वावरातली एक बातमी सांगतो, यात दचकण्यासारखं काय आहे? पण भगवंतराव दचकले. अंधारात पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं झालं. "कुठं वाढवली?" त्यांनी विचारलं. "कुठं म्हंजे? मनकर्णेच्या वावरात. आपला बांध तं संपला न तथी." "ती हो म्हणाली?" "खुशीनं म्हनली! म्हने, घ्या दादा, मले फकत वाफ्यापुरतं पानी सोडत जा. म्या म्हनलं, वाफ्यापुरतं काऊन बाई, मनमुराद सोडतो. इंजिन येऊन राह्यलं आपलं. आता सांग, बसते का नाही तुह्या कायद्यात?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी भावाच्या पाठीवर असा हात मारला की वकिलाचा काळा कोट धुळीनं पांढरा झाला. "साहेबानं मलेबी बलावलं हाये, इंजिनवाला म्हनून. येतोच मांगून. अन् सत्यभामेले सांगून ठेव, दुपारी जेवाले हाये म्या. पातोडी कर म्हना." एवढं बोलून ते लोहाराच्या दुकानाकडं वळले. भगवंतराव विडा हातात धरून तसेच उभे राहिले. पानवाल्यानं दोनदा त्यांच्याकडं बघितलं, तेव्हा कुठं त्यांनी त्याच्या पोराला जेवणाचा निरोप देऊन घरी पिटाळलं.

खरं म्हणजे स्वतःबद्दल शंका येण्याची त्यांना सवय नव्हती. लढाईचं चौथं वर्ष चाललं होतं, धान्य वाढवा म्हणून नागपूरहून हुकमांवर हुकूम सुटत होते, नव्या विहिरी खणा, जुन्या खोल करा, आणि निवडक बागायतदारांना तेलावर चालणारी इंजिनंसुद्धा मिळणार होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या बाकीच्या जिल्ह्यांत काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण बुलढाण्याच्या डिप्टी कमिशनरांना एक प्रश्न पडला होता आणि तो त्यांनी आपल्या पाणी कमिटीपुढं ठेवला होता: सगळ्यांनीच खाली खाली जायचं ठरवलं तर खालचं पाणी पुरणार किती दिवस? कमिटीत बागायतदार होते, सरकारी इंजिनियर होता, चिखलीकडचे वामनराव होते, ज्यांच्या विहिरी त्यांना स्वतःलाही मोजता येत नसत. सगळे एकमेकांकडं बघत बसले. तेव्हा भगवंतरावच म्हणाले होते, "नियम मी लिहितो." आणि लिहिला. इंजिनियरनं यंत्रं मागितली होती, खडकाची तपासणी मागितली होती, तीन वर्षं मागितली होती. भगवंतरावांनी एक शब्द वापरला. धाव. ज्याची जेवढी धाव, तेवढ्याच खोलीवर त्याच्या इंजिनाचा नळ. त्याखाली एक वीतभरही नाही. मागच्या बैठकीत वामनराव मिशीतल्या मिशीत हसले होते. "वकीलसाहेब, सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ते ऐकलं होतं. त्याचा कायदा होईल असं वाटलं नव्हतं." "तोच कायदा आहे," भगवंतराव म्हणाले होते. "सरड्याला कळतं ते आपल्याला कळायला हरकत नाही." साहेबसुद्धा हसले होते, आणि आज त्या मसुद्यावर सही व्हायची होती.

धाव कशाला म्हणतात हे काही भगवंतराव पुस्तकात शिकले नव्हते. विहिरीच्या तोंडापासून वावरात उतरत जाणारी ती उताराची वाट, तिच्यावर त्यांचं अर्धं बालपण गेलं होतं. बैल उताराला लागले की मोट वर येते, बैल मागं सरकले की मोट खाली जाते. पाणी जेवढं खोल, तेवढा दोर लांब, आणि दोर जेवढा लांब तेवढी धाव लांब पाहिजे. शेषराव मोट हाकायचे आणि लहान भगवंता ताणलेल्या नाड्यावर बसून बैलांबरोबर खाली जायचा, कारण नाड्यावर कुणी बसलं की बैलांना ओढायला सोपं जातं, आणि त्याच्याएवढं फुकट वजन घरात दुसरं नव्हतं. मांड्यांखाली तो ओला, करकरणारा दोर थरथरायचा. मग वर थारोळ्यात पाण्याचा लोंढा धाडकन पडायचा आणि तो आवाज पाठीत शिरायचा. उन्हाळा वाढला, पाणी खाली गेलं की वडील फावडं घेऊन धाव पुढं उकरायचे, आणखी थोडी, आणखी थोडी. एका वर्षी धाव बांधाला जाऊन भिडली. पुढं दुसऱ्याचं वावर. वडिलांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, झालं. त्या शब्दात रागही नव्हता, दुःखही नव्हतं. आपल्या वावरात जेवढं मावतं तेवढंच पाणी आपलं, हे त्या शिवारात कुणाला सांगावं लागत नसे. इंजिनाला बैल नाहीत, त्याला उतार नको, त्याला बांध आडवा येत नाही. ते एका जागी बसून पाताळापर्यंत नळ सोडू शकतं. म्हणून भगवंतरावांनी इंजिनाला धाव लावली. कोतवालानंही पावलांनी मोजावी, गावानं डोळ्यांनी बघावी, कुणाला लपवता येऊ नये, अशी साधी गोष्ट. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना आपल्याच बुद्धीचं कौतुक वाटायचं आणि ते त्यांनी सत्यभामाबाईंना बोलूनही दाखवलं होतं.

आणि आता दादांनी फावडं घेतलं होतं. भगवंतराव कचेरीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना कडुनिंबांची सावली होती, ओळखीची माणसं रामराम करत होती, ते हात वर करत होते आणि कुणाला करतोय हे त्यांना समजत नव्हतं. नियमात एवढं मोठं भोक राहिलं आणि आपल्याला दिसलं नाही! धाव बांधापाशी थांबते, कारण पलीकडचा माणूस नाही म्हणतो. पलीकडचा हो म्हणाला तर? आणि पलीकडचा हो म्हणणारच, कारण त्याला वाफ्यापुरतं पाणी पाहिजे. मनकर्णाबाई कुणी लांबची नव्हती. माळ्याची बाई, नवरा गेल्यावर एकटीनं वांगी-मिरच्या करून बुलढाण्याच्या बाजारात आणणारी. भगवंतरावांच्या दारावरून जाताना "वकीलभाऊ, मेथी घेता का?" असं ओरडायची आणि पैसे देताना एक जुडी जास्त टाकायची. तिची विहीर लहान, धाव आखूड. शेषरावांचा नळ खोल गेला की तिची विहीर पहिल्या उन्हाळ्यातच कोरडी पडणार. मग शेषराव तिला पाणी सोडणार. नक्की सोडणार, दादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पण आज जे पाणी तिचं आहे ते उद्या दादांनी दिलेलं होणार. तिनं मागायचं, त्यांनी सोडायचं. आज खुशीनं, उद्या सवडीनं, आणि दादांच्या मागं त्यांची पोरं सोडतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. चिखलीकडं वामनराव तर एका पावसाळ्यात दहा वावरं धावेखाली घालतील आणि वर कायदा दाखवतील. भगवंतरावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्यांना भीती वाटत नव्हती, संताप येत होता, आणि तोही दादांवर नाही. चांगल्या माणसानं आपला नियम मोडला असता तर त्यांनी समजून घेतलं असतं. चांगल्या माणसानं तो पाळला होता, आणि पाळूनच त्याची माती केली होती.

कचेरीच्या आवारातल्या विहिरीवर शिपाई पाणी काढत होता. रहाटाचं चाक कुरकुरत होतं, आणि मधेच ते थांबलं. शिपाई तंबाखू मळायला थांबला असेल. पण त्या थांबण्यानं भगवंतरावांचे पाय तिथंच रुतले. हे त्यांनी आधी ऐकलं होतं. आवाज नव्हे, आवाज बंद होणं. पैनगंगेच्या काठच्या त्या शिवारात सकाळी सगळ्या मोटा एकदम चालायच्या आणि प्रत्येक विहिरीच्या चाकाचं रडगाणं वेगळं. त्यांचं जाड आवाजाचं, पलीकडच्या किसनरावांचं तुटक, आणि मनकर्णाबाईच्या सासऱ्याचं बारीक, डासासारखं. उन्हाळ्यात सगळ्यांत आधी ते बारीक चाक मुकं व्हायचं. आणि मग वडील, चालत्या मोटेतून, बैल सोडायचे. लगेच. आपल्या विहिरीत पुरुषभर पाणी असलं तरी. किसनरावही सोडायचे. थोड्या वेळात सगळं शिवार गप्प, नुसते पारवे. "बाबा, काऊन सोडले?" असं भगवंतानं एकदा विचारलं होतं आणि बाबा म्हणाले होते, "बैल थकले." बैल काही थकलेले नसायचे. लहान भगवंताला तेव्हाही ते दिसत होतं, पण सावलीत पळायला मिळतं म्हणून त्यानं ते खरं मानलं, आणि पुढं अमरावतीला शिकायला गेल्यावर ते साफ विसरला. आता, पन्नाशी उलटल्यावर, काळा कोट घालून, उन्हात उभं राहून, त्यांना कळत होतं की बाबा थापा मारत होते. आखूड धावेची विहीर आटली की लांब धावेवाल्यानं थांबायचं, रात्रीतून पाणी वर येऊ द्यायचं, म्हणजे सकाळी ते बारीक चाक पुन्हा रडेल. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला एक नावसुद्धा कुणी दिलं नव्हतं. पोरानं विचारलं तर बैल थकले म्हणायचं! भगवंतरावांना एकदम हसू फुटलं. ते एकटेच हसताना बघून शिपायानं घाईघाईनं तंबाखू टाकली आणि दोर हातात घेतला.

बैठकीत ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या आवाजात कसलाही कंप नव्हता. "मसुद्यात एक शब्द बदलायचा आहे. ज्याची जेवढी धाव असं लिहिलं आहे. तिथं शिवारातली सगळ्यात आखूड धाव असं करावं. जिच्यावर आज मोट चालते अशी सगळ्यात आखूड. तिच्या खोलीखाली त्या शिवारात कुणाच्याही इंजिनाचा नळ उतरणार नाही. मग धाव कुणी गावभर वाढवली तरी हरकत नाही." साहेब मराठीची परीक्षा नेटानं पास झालेले होते. त्यांनी भुवया जवळ घेतल्या. "धाव म्हणजे पळणेही. सगळ्यात हळू पळणारा माणूस जिंकला, असं तुमचं म्हणणं?" "जिंकला नाही हुजूर. त्याच्याशिवाय कुणी पुढं गेलं नाही." वामनराव खुर्चीत सरळ झाले. हा सरडा आता आपल्या कुंपणात शिरतोय हे त्यांना बरोबर कळलं होतं. "म्हणजे एखाद्या भिकाऱ्याच्या डबक्यासाठी मी माझी पंचवीस हात विहीर बंद ठेवायची?" "बंद नाही. त्याच्याइतकी ठेवायची. पाऊस झाला, पाणी चढलं, की सगळ्यांचं चढेल." "आणि धान्य? सरकारला धान्य पाहिजे!" "या वर्षी की दर वर्षी?" भगवंतरावांनी विचारलं. इंजिनियरनं मान हलवत हलवत कागदावर काही रेघा ओढल्या आणि पुटपुटला की पाण्याची पातळी राखायची तर हिशेब असाच येईल. साहेबांनी लेखणी टेबलावर वाजवली. "कागदावर ठीक आहे. पण शेतकरी काय म्हणेल? तालुक्यातलं पहिलं इंजिन ज्याला मिळतंय, त्याला आत बोलवा." शेषराव आत आले. पायातली पायताणं त्यांनी बाहेरच काढली होती, पटका नीट केला होता, आणि भावाकडं बघून ते ओळखीचं हसले. भगवंतरावांनी नजर मसुद्यावर नेली. पण नियम समजावून सांगायचं काम त्यांचंच होतं, आणि त्यांनी तो सांगितला. एकही शब्द मऊ केला नाही.

शेषरावांचं हसू हळूहळू कुठं गेलं ते कळलं नाही. "म्हंजे आमच्या शिवारात कोनाची धाव?" त्यांनी विचारलं. साहेबांकडं नाही, भावाकडं बघून. "मनकर्णाबाईची." "म्हंजे माहं इंजिन मनकर्णेच्या धावेवर." "हो दादा. बाबा बैल सोडायचे, तेच आहे हे. तिच्या सासऱ्याचं चाक थांबलं की." "मले नको सांगू बाबाचं," शेषराव म्हणाले. "तू नाड्यावर बसे, बैल म्या सोडो. मले ठाऊक हाये काऊन सोडो ते." ते भावाकडं एक पाऊल पुढं आले. "बाबानं सोडले ते आपल्या मनानं सोडले. कोनी कागुद नोता दाखवला. म्याबी सोडले असते. म्या त्या बाईले पानी देतो म्हनलं, शब्द देल्ला. अन् तू माह्या शब्दावर कायदा घातला? तुले माह्यावर भरवसा नाही?" आयुष्यभर कोर्टात उलटतपासण्या घेतलेल्या भगवंतरावांना माहीत होतं की याचं सोपं उत्तर एकच आहे: आहे, दादा, तुमच्यावर आहे, कायदा दुसऱ्यांसाठी आहे. तोंडापर्यंत ते आलंही. पण वामनराव पुढं वाकून ऐकत होते, आणि एकदा एका चांगल्या माणसाला सूट दिली की जिल्ह्यातला प्रत्येक माणूस उद्या सकाळी चांगला होऊन कचेरीत येईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि त्याहून खाली, जिथं वकिली पोचत नव्हती तिथं, त्यांना हेही दिसत होतं की मनकर्णाबाईला दादांच्या चांगुलपणावर जगायला लागू नये. तिनं मेथीची जास्तीची जुडी आपल्या मर्जीनं टाकावी, पाणी मागायचं आहे म्हणून नाही. "भरवशाचा प्रश्नच नाही दादा," ते म्हणाले. "तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं नाही. तुमच्याही नाही." साहेबांनी विचारलं, "कबूल आहे तुम्हाला?" शेषरावांनी पटका पुन्हा नीट केला, तो नीटच होता. "कबूल नाही हुजूर. पन करा. नियम माह्या घरच्यानं केला हाये. म्याच मोडला तं लोकं आमाले हासतीन. इंजिन येऊ द्या, नळ मनकर्णेच्या मापानं सोडतो. मोजाले कोतवाल नका पाठवू." त्यांनी साहेबांना सलाम केला, वामनरावांना रामराम केला, आणि वळून बाहेर गेले.

सही झाली. साहेबांनी हात मिळवला, इंजिनियरनं मिळवला, वामनरावांनीही मिळवला, कारण हरल्यावर हात मिळवायची रीत त्यांना होती. भगवंतराव जवळजवळ पळतच बाहेर आले. व्हरांड्यात पायताणं नव्हती. आवारात गाडी नव्हती. शिपाई म्हणाला, "ते गेले न साहेब, देऊळघाटाकडं. म्या म्हनलं, पानी घ्या, ऊन लय हाये. नको म्हनले." भगवंतराव फाटकापर्यंत गेले. उताराच्या रस्त्यावर पांढरी धूळ अजून खाली बसली नव्हती. दादांच्या मागं धावावं, गाडीच्या मागच्या फळीवर बसावं, काहीतरी बोलावं, असं मनात येऊन गेलं. पण काय बोलणार? चुकलो म्हणणार? ते चुकले नव्हते. उन्हात उभं राहून त्यांनी सगळं पुन्हा एकदा आत तपासलं, उलटसुलट केलं, आणि कुठंही चूक सापडली नाही. छातीत दुखत होतं तेवढंच. घराकडं चालताना ते कुणाचे रामराम घेत नव्हते, पण त्यांची मान खाली नव्हती.

सत्यभामाबाईंनी पातोडी केली होती. बेसनाचा आणि लसणाचा खमंग वास ओसरीपर्यंत आला होता. दोन पाट मांडले होते, दोन ताटं वाढून तयार होती, आणि थोरल्या पाटाजवळ घासलेला तांब्या भरून ठेवला होता. त्या दाराशी येऊन भगवंतरावांच्या पाठीमागं बघू लागल्या. "भासरे कुठं राह्यले?" "दादा देऊळघाटला गेले." "अन् जेवन?" "पाणीसुद्धा न पिता गेले." सत्यभामाबाईंनी पदर नीट केला. बुलढाण्याला येऊन दादा या घरचं पाणी न पिता कधी गेले नव्हते, लग्न झाल्यापासून नाही. मग म्हणाल्या, "तुमचं काय झालं? पास झाला का कायदा?" "झाला." "जसा पाह्यजे तसा?" "त्याहून चांगला," भगवंतराव म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि आपल्या पाटावर बसले. सत्यभामाबाई वाढलेलं दुसरं ताट उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. "राहू दे," ते म्हणाले, आणि भरल्या ताटाच्या शेजारी जेवायला लागले.